कांबळेबाईंचं भ्या

कांबळेबाई कशाला भीत नसत हे सांगणं सोपं आहे, कारण ती यादी फार लहान आहे. त्या रक्ताला भीत नसत, कष्टाला भीत नसत आणि पालीला भीत नसत. बाकी जगात जे जे म्हणून होतं त्या सगळ्याची त्यांना भीती वाटायची. लिफ्टची, टेलिफोनच्या घंटीची, कागदावर सही करायची, मोठ्या डॉक्टरांच्या बुटांच्या आवाजाची. दुचाकीची तर इतकी, की त्यांचा भाऊ मोटारसायकलवरून पडून पायानं अधू झाल्यापासून त्या कुणाच्याही मागे बसल्या नव्हत्या. उचगावहून रोज सिटी बसनं येत आणि बस चुकली तर सरळ चालत येत. रक्तपेढीच्या दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत, चार पावलं जात, आणि परत येऊन चौथ्यांदा ओढत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. कोल्हापुरातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात मी कॉम्प्युटरचं काम बघायला म्हणून लागलो होतो आणि बाई तिथल्या रक्तपेढीत बावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. किरकोळ अंगाच्या, पन्नाशीच्या पुढच्या. पांढरा कोट दोन मापं मोठा, त्याच्या बाह्या दुमडलेल्या. पेन हरवेल म्हणून ते दोऱ्यानं काजाला बांधलेलं. टेबलावरच्या काचेखाली बुद्धाचा एक लहानसा फोटो. गालात कायम एक लवंग असायची. एरवी ती नुसती पडून असे, पण भीती वाटली की बाई ती चावत. टेबलापलीकडं लवंगेचा वास आला, की समजावं बाई भ्याल्यात.

आम्ही सगळे त्यावरून त्यांची थट्टा करत असू. त्यांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते त्या कुणालाही ऐकवत, झाडूवाल्या मावशींपासून भूल देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत: "भ्यालेलं माणूस दोनदा बघतं."

आणि त्या खरंच दोनदा बघत. रक्त घ्यायला माणूस समोर बसला की त्या कधीही "तुम्ही अमुक तमुक ना?" असं विचारत नसत. "पूर्ण नाव सांगा," एवढंच म्हणत आणि सुई हातात धरून थांबत. त्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वॉर्डात शांताबाई पाटील नावाच्या दोन बायका होत्या, एक आठ नंबरच्या खाटेवर, दुसरी अकरावर. बाईंनी एकीला विचारलं, शांताबाई पाटील ना? ती हो म्हणाली. मग विचारलं, उद्या ऑपरेशन आहे ना? ती त्यालाही हो म्हणाली. ऑपरेशन दुसरीचं होतं. रक्ताची बाटली लावायला घेतली तेव्हा शेजारच्या खाटेवरची म्हातारी सहज म्हणाली, हिचं कसलं ऑपरेशन, ही तर उद्या घरी चाललीय. बाईंच्या हातातून बाटली खाली पडून फुटली. "दवाखान्यात आलं की लोकांस्नी व्हय म्हणायची सवय लागती की," त्या मला म्हणाल्या. "डॉक्टरनं 'तू मेलास का' म्हणून इचारलं तर व्हय म्हणतील."

या नियमातून कुणालाही सूट नव्हती. आमच्या संस्थेचे अध्यक्ष दरवर्षी वाढदिवसाला रक्तदान करत. सोबत फोटोग्राफर, हारवाले, पाचपन्नास कार्यकर्ते. त्या वर्षी अध्यक्ष खाटेवर आडवे झाले, बाही वर सारली, फोटोग्राफर वाकला, आणि बाई सुई धरून म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा." खोलीत सगळे हसले. अध्यक्षही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या कमालीच्या घाबरल्या होत्या, लवंग कडाकडा चावत होत्या, पण हात पुढं होईना. शेवटी ज्यांचं नाव दारावरच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं त्या अध्यक्षांनी वडिलांच्या नावासकट आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, वय सांगताना थोडी कुचराई केली, आणि मगच त्यांचं रक्त निघालं.

आता मी माझ्याकडं येतो, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. पुण्यात पाच वर्षं नोकरी करून, वडिलांच्या आजारपणामुळं मी परत आलो होतो. मिजास भरपूर होती. हॉस्पिटलात दोन डेटाबेस होते. एक मुख्य इमारतीत, त्यात रुग्णांची नावं, पत्ते, आजार. दुसरा अंगणापलीकडं रक्तपेढीच्या बैठ्या इमारतीत, त्यात रक्ताचे नमुने आणि गट. दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी करून दिलेले, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. एखाद्या रुग्णाचा रक्तगट हवा असला की वॉर्डातला मामा, म्हणजे वॉर्डबॉय, अंगण ओलांडून जाई, बाई कागदी चिठ्ठी लिहून देत, मामा वाटेत चहा पिऊन परत येई. मला सांगण्यात आलं होतं की डॉक्टरांच्या स्क्रीनवर रुग्णाच्या नावासमोर रक्तगट आपोआप दिसला पाहिजे.

काम काही फार अवघड नव्हतं. अंगणावरून एक केबल ओढायची आणि दोन डेटाबेसमध्ये एक लिंक बांधायची. मग इथं बसून तिथलं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, आपलंच असल्यासारखं वाचता येतं. वॉर्डात ज्या नंबरचा नमुना लिहिला असेल तो नंबर आणि ते वर्ष तिथल्या टेबलात शोधायचं, आणि समोरचा रक्तगट उचलून आणायचा. बाईंना समजावं म्हणून मी सोपं करून सांगितलं, की शेजारणीच्या घरात न जाता खिडकीतून हात घालून तिच्या डब्यातली साखर घेण्यासारखं आहे हे.

 लवंगेचा वास आला.

"आनि डब्यात मीठ असलं तर?" त्या म्हणाल्या.

मी हसलो. ते हसणं मला पुढं फार महागात पडलं.

बाईंना कॉम्प्युटर येत नव्हता असं नाही. नोंदी त्याच करत, आणि त्यांची एकही नोंद चुकलेली मला सापडली नाही. पण एंटरचं बटण दाबायची वेळ आली की त्या दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवत, स्क्रीनवरचं सगळं पुटपुटत वाचत, आणि खोलीत असेल त्याला विचारत, "दाबू?" खोलीत कुणी नसलं तर काचेखालच्या फोटोकडं बघून विचारत. कॉम्प्युटरमध्ये नोंद झाली तरी तीच नोंद त्या जाड रजिस्टरातही लिहीत. मी एकदा म्हणालो, बाई, दोनदा कशाला लिहिता? त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य मला ऐकवलं.

जूनच्या शेवटी लिंक तयार झाली. चाचणीला मी एप्रिल ते जूनमधल्या दोनशे नोंदी काढून पाहिल्या. नंबर बरोबर, गट बरोबर. एकच भानगड होती, नावांची. इकडं सुनेचं नाव, तिकडं लेकीचं. आपल्याकडं लग्नात बाईचं आडनाव तर बदलतंच, पुष्कळदा पहिलं नावही बदलतात. नवरा सोबत असला की ती सासरचं नाव सांगते, आई सोबत असली की माहेरचं तोंडात येतं. त्यामुळं स्क्रीनवर इकडचं नाव एक आणि तिकडचं दुसरंच दिसे, आणि डॉक्टर लोक मला बोलावून विचारत की ही नक्की कोण? मी चारदा समजावून सांगितलं आणि पाचव्यांदा वैतागून रक्तपेढीकडून येणारं नावच स्क्रीनवरून काढून टाकलं. नंबर जुळतोय ना, मग नावाची गरज काय? एका ओळीचं काम होतं. बाईंनी ते पाहिलं आणि विचारलं की नाव कुठं गेलं. मी म्हणालो, बायकांची नावं बदलतात हो बाई, नंबर बदलत नाही.  जुलैपासून कागदी चिठ्ठ्या बंद झाल्या. मामा उदास झाला, कारण त्याचा चहा गेला.

बाईंनी मात्र रोजचं एक काम स्वतःला लावून घेतलं होतं. आदल्या दिवशी वॉर्डात स्क्रीनवर दिसलेल्या दहा नोंदी कागदावर उतरवून घ्यायच्या आणि रजिस्टराशी ताडून बघायच्या. मला त्याचा राग यायचा. लिंक बांधली ती हे ताडून बघणं संपवायला, आणि ह्या बाई मागच्या दारानं तेच करत होत्या.

गणपती बसायला आठवडा राहिला होता. गुरुवार होता, सकाळचे साडेदहा. माझ्या खोलीत आधी लवंगेचा वास आला आणि मग बाई आल्या. त्या मुख्य इमारतीत कधी येत नसत. काखेत दोन रजिस्टरं होती.

"मानेसाहेब," त्या म्हणाल्या, "लगीन झालं की बाईचं नाव बदलतं, असं तुमी मला सांगितलासा. खरं हाय. पर बाप्याची बाई हुती का?"

त्यांनी त्यांतलं गेल्या वर्षीचं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. स्क्रीनवर होती गौरी संदीप पाटील, पहिलटकरीण, सोमवारी दुपारी तीनला बाळंत झालेली, बुधवारी संध्याकाळी घरी सोडलेली. नमुना नंबर सतरा, रक्तगट बी पॉझिटिव्ह. आणि बाईंच्या रजिस्टरात त्या वर्षीच्या सतरा नंबरला होता दत्तात्रय नावाचा एक साठ वर्षांचा गृहस्थ. रक्तगट बी पॉझिटिव्ह.

 मग बाईंनी काखेतून दुसरं रजिस्टर काढलं, चालू वर्षाचं, आणि त्यातलाही सतरा नंबर दाखवला. तारीख मार्चमधली. नाव सुजाता बाबू चौगुले, गाव शिरोळ तालुक्यातलं. रक्तगट ओ निगेटिव्ह.

तेव्हा मला कळलं. हॉस्पिटलचं वर्ष सरकारी, एक एप्रिलला बदलणारं. पण रक्तपेढीचं वर्ष पाडव्याला बदलत असे. पेढी काढणाऱ्या जुन्या डॉक्टरांनी ती पद्धत घातली होती. पाडव्याला नवं रजिस्टर, त्याच्यावर साखरेची माळ आणि एक नंबरपासून नवी सुरुवात. डॉक्टर वारून वर्षं झाली, पद्धत राहिली. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यातही एक चिमुकलं टेबल करून ठेवलं होतं, त्यात दरवर्षी कॅलेंडर बघून पाडव्याची तारीख भरायची. ती कांबळेबाईच भरत. मला रक्तपेढीची दोन टेबलं बघायची परवानगी होती. तिसरं मी मागितलंच नव्हतं, कारण ते आहे हेच मला माहीत नव्हतं. ज्या वर्षी पाडवा मार्चात येतो, त्या वर्षी पाडव्यापासून एकतीस मार्चपर्यंत घेतलेला प्रत्येक नमुना माझी लिंक आदल्या वर्षीच्या माणसाशी नेऊन जोडणार होती. आणि या वर्षी पाडवा मार्चातच आला होता. मी चाचणी एप्रिलपासून पुढच्या नोंदींची केली होती.

"सुई दिली नसंल तिला," बाई म्हणाल्या.

आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं, तर बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक सुई द्यावी लागते. नाही दिली तर या बाळाला काही होत नाही, आईलाही काही कळत नाही. पुढच्या वेळी दिवस गेले की आईचंच रक्त पोटातल्या बाळावर उठतं. माझ्या स्क्रीनवर बी पॉझिटिव्ह दिसलं, म्हणून वॉर्डातल्या कुणी सुईचा विचारही केला नव्हता. सोमवारी दुपारी तीन, म्हणजे आज दुपारी तीन.  पुण्यातली पाच वर्षं कुठल्या कुठं गेली.

हॉस्पिटलची गाडी बेळगावकडं पेशंट सोडायला गेली होती. नोंदीतल्या पत्त्यावरचा फोन वाजून वाजून बंद झाला. मुख्य डॉक्टरांनी ऐकलं, म्हणाले, सुई न्या, पण फ्रीजमधून काढायला कुणाची तरी सही लागेल. कांबळेबाईंनी दोऱ्याला बांधलेलं पेन उचललं आणि सही केली. ती सही वाचता येत नव्हती. मग थर्मासमध्ये बर्फ, बर्फात सुई, तपासणीच्या बाटल्या, थेंब तपासायची एक पांढरी फरशी. थर्मास छातीशी धरून त्या अंगणात आल्या आणि माझ्या स्कूटरसमोर उभ्या राहिल्या.

मी म्हणालो, मी एकटा जातो. "तुमास्नी रगात तपासाय येतं?" त्यांनी विचारलं, आणि डोळे मिटून मागं बसल्या. हातकणंगल्यापर्यंत त्यांनी ते उघडले नसावेत. माझा शर्ट त्यांच्या मुठीत इतका घट्ट होता, की मला गळ्याशी कॉलर काचत होती. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, बंद. मालगाडी येत होती, पण येता येत नव्हती. मी घड्याळ बघत होतो, आणि पाठीमागून त्यांच्या दातांचा आवाज ऐकू येत होता. लवंग केव्हाच संपली असणार. त्या उन्हात उभं राहून मला वाटलं, ही मालगाडी संपेपर्यंत त्या पोरीचं पुढचं मूल मी मारून टाकलेलं असेल. आजही फाटक बंद दिसलं की माझ्या तळहाताला घाम येतो.

नोंदीतला पत्ता हातकणंगले तालुक्यातला होता. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात सासू शेंगा निवडत बसली होती. सून कुठं आहे विचारल्यावर ती आमच्याकडं असं बघत राहिली, की ह्यांना एवढंही कळत नाही का. पहिलं बाळंतपण, ती माहेरी नाही तर कुठं असणार? माझ्या डेटाबेसमध्ये पत्ता सासरचा होता. माहेरचं गाव लिहायला त्यात रकानाच नव्हता.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "सुनेचं आदीचं नाव काय?"

"आदीचं म्हंजे? लग्नाआदीचं व्हय? सुजाता. आमी गौरी ठेवलं."

"आनि माहेर?"

सासूनं शिरोळ तालुक्यातलं गाव सांगितलं. बाईंच्या रजिस्टरातलं. मग तिनंच आत जाऊन ट्रंकेतून प्लॅस्टिकची एक पिशवी आणली. त्यात पोरीची सगळी कागदं होती, इथंच विसरून गेलेली, आणि त्यांत मार्चमधली एक कागदी चिठ्ठी, बाईंच्या अक्षरातली. ओ निगेटिव्ह. दोन डेटाबेसमधली एक बाई शेवटी त्या दारात, शेंगांच्या सुपापाशी, जुळली.

पुढचा रस्ता मला आठवत नाही. उसाच्या कडेकडेनं आम्ही जात होतो एवढं आठवतं, आणि बाई मधेच कानाशी ओरडून किती वाजले विचारत तेही. आम्ही पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. अनोळखी दोन माणसं थर्मास घेऊन आलेली पाहून पोरीचा बाप अंगणातच आडवा आला. "पावणं, काय झालंय? पोरगीला काय झालंय?"  बाईंनी त्याच्याकडं हात धुवायला पाणी मागितलं.

आत अंधाऱ्या खोलीत शेगडी होती, वेखंडाचा वास होता. पोरगी एकोणीस-वीस वर्षांची, डोक्याला फडकं बांधलेलं, आम्हाला बघून भिंतीला टेकली. मी बाईंना हळूच म्हणालो, चिठ्ठी मिळाली आहे, तपासायला नको, सुई देऊन टाकू. तासभरच राहिला होता.

"चिठ्ठी मीच लिवलीया," बाई म्हणाल्या. "माझ्या अक्षरावर मी कसा इस्वास ठेवू?"

त्या पोरीच्या अंथरुणाजवळ बसल्या, थेंब काढायची सुई हातात घेतली आणि थांबल्या. "पूर्ण नाव सांग, बाळ." पोरीनं सासरचं सांगितलं. "आनि आदीचं?" पोरीनं आईकडं पाहिलं. मग तेही सांगितलं, अगदी हळू आवाजात, परवानगी नसल्यासारखं. बाईंनी तिच्या बोटातून थेंब घेतला, बाळाच्या टाचेतून घेतला. बाळ किंचाळलं. उंबऱ्यावर उजेडात त्यांनी ती पांढरी फरशी ठेवली, दोन्ही थेंबांत औषध टाकलं, काडीनं फिरवलं आणि फरशी हळूहळू हलवू लागल्या. मी, पोरीचा बाप आणि दोन शेजारणी, सगळे खाली वाकून बघत होतो. बाळाचा थेंब फाटला, त्याच्या लालभडक गुठळ्या झाल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. आईचा तसाच राहिला, म्हणजे निगेटिव्ह. बाईंनी घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं वाट पाहिली. मग फरशी धुतली आणि सगळं पुन्हा एकदा केलं. मला ओरडावंसं वाटत होतं. दुसऱ्यांदाही तेच आलं.

गावातल्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलावून आणलं होतं. त्यांनाही बाईंनी आधी पोरीचं नाव विचारायला लावलं. दोन वाजून वीस मिनिटांनी सुई दिली गेली.

परतताना गावाबाहेर एका पाराच्या कट्ट्यावर बाईंनी मला थांबायला सांगितलं. त्या उतरल्या, रस्त्याकडेला जाऊन त्यांना उलटी झाली, आणि येऊन कट्ट्यावर बसल्या. दोन्ही हात मांडीवर. मी माफी मागू लागलो.  मला वाटलं त्या म्हणतील, असू द्या, होतं असं.

"चूक तुमचीच हाय," त्या म्हणाल्या. "पर अर्दी माझी बी हाय. पाडव्याचं मला ठावं हुतं. केबल वडली त्या दिशी मनात आलतं, वरीस कुठनं धरत्यात इचारावं. तुमी इचारला न्हाईसा. मी बोललो न्हाय. म्हटलं एवढा शिकलेला माणूस, त्येला ठावं असंल. भ्यापायी गप बसलो मी." मग म्हणाल्या, "दोनदा बघाय लावणारं भ्या येगळं आनि त्वांड दाबणारं येगळं. हे मला आज कळलं बगा."

इतकी वर्षं आपल्या ज्या भीतीचा त्यांना अभिमान होता, तिच्यातच त्यांना त्या दिवशी खोट सापडली होती. मी पाणी आणायला गेलो ते मुख्यतः माझे डोळे त्यांना दिसू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून त्या अकरा दिवसांतली प्रत्येक नोंद रजिस्टराशी लावली. बाकीचे नमुने बाहेरच्या लोकांचे होते, पण हॉस्पिटलच्या रुग्णांपैकी आणखी सहा जण चुकीच्या माणसाशी जोडलेले निघाले. त्यांतलं कुणी जुलैनंतर वॉर्डात आलेलं नव्हतं. ते निव्वळ नशीब होतं, त्यात माझी हुशारी काडीची नव्हती. मी लिंक बदलली, वर्षाऐवजी तारीख घेतली, रक्तपेढीचं नाव स्क्रीनवर परत आणलं आणि ते जुळलं नाही तर लाल दिसेल असं केलं. दोन्हीकडं आधीच्या नावाचा एक रकाना वाढवला. संस्थेनं फर्मान काढलं की पाडव्याची पद्धत बंद करा. बाई थेट अध्यक्षांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, पाडव्याला नावं ठेवू नका, तो दरवर्षी सांगून येतो. पूजेत त्यांना स्वतःला काही रस नव्हता, साखरेची माळ त्या कधी घालत नसत. पण मेलेल्या डॉक्टरांची गोष्ट होती. पद्धत राहिली. मी नवं काही करायला घेतलं की आता त्या अंगण ओलांडून येत, लवंग चावत, आणि विचारत. इतके प्रश्न विचारत की मी रडकुंडीला येई. पण विचारायच्या. मीही तेव्हापासून एंटर दाबण्याआधी हात मांडीवर घेऊ लागलो.

पुढं त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर दीडेक वर्षानं वॉर्डाच्या यादीत मला त्यांचं नाव दिसलं. पोटात गाठ होती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर उताण्या पडल्या होत्या, आणखीच लहान झालेल्या. लवंगेचा वास नव्हता, काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मला पाहून त्यांनी डोळ्यांनीच खुणावलं. चादरीची कड दोन्ही मुठींत धरलेली होती.

तेवढ्यात रक्तपेढीतली नवी मुलगी ट्रे घेऊन आली. हसतमुख, चटपटीत. "वत्सला कांबळे ना?" तिनं विचारलं.

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मुलीनं पुन्हा विचारलं, थोडं मोठ्यानं, तुम्हीच ना आजी? बाई छताकडं बघत राहिल्या. हात चादरीखाली गेले. मुलगी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली, ऐकू येत नाही का यांना, अशा अर्थानं. मी म्हणालो, पूर्ण नाव सांगा, असं विचार.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"वत्सला यशवंत कांबळे. उचगाव." आवाज कापत होता, पण शब्द सुटे सुटे होते. मुलीनं लिहून घेतलं आणि हात धरायला वाकली. हात चादरीखालून बाहेर आला नाही.

"आदीचं बी इचार," बाई म्हणाल्या.

मुलीनं कागदाकडं पाहिलं. तिथं रकाना होता. "आधीचं नाव काय, आजी?"

बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं.

"हौसा," त्या म्हणाल्या. "हौसा लक्ष्मण कांबळे."

मुलगी ते लिहून पूर्ण करेपर्यंत त्या तिच्या पेनाकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांनी हात बाहेर काढून पुढं केला.